चित्रावर शेवटचा हात कोणाचा?

चौथीच्या एका वर्गाबाहेर भिंतीवर एकदा चाळीस हत्ती लावलेले बघितले. घोटीव कागदाचे. सगळ्यांची सोंड डावीकडे वळलेली, कान एकाच मापाचे, डोळ्याच्या जागी एकेक काळी टिकली. खाली मुलांची नावं होती म्हणून कळलं की हे चाळीस जणांचं काम आहे, नाहीतर वाटलं असतं एकाच माणसाने दुपारभर बसून कापलेत. आणि जवळपास तसंच होतं म्हणा, कारण साचा बाईंचा, सोंड कापायला अवघड म्हणून तीही बाईंनीच कापून दिलेली, आणि ज्यांचे वाकडेतिकडे चिकटले होते ते प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी बाईंनीच उचकटून सरळ केलेले. शेवटचा हात फिरवला म्हणतात ना, तो. बाईंना मी नावं ठेवत नाहीये. प्रदर्शन बघायला कोण येणार आणि ते काय बोलून जाणार हे त्यांना पक्कं माहीत असतं.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत टॅबलेट आले. मी प्राथमिकच्या मुलांबरोबर चित्रं, खेळणी, असलं काहीबाही करत फिरत असते, तेव्हा मला कौतुकाने बोलावलं, या बघा आता आमचा चित्रकलेचा तास डिजिटल झालाय. गेले. प्रत्येकाच्या हातात एक टॅबलेट, त्यावर एक रंग भरायचं ॲप, आणि त्यात चक्क हत्ती. बोट टेकवलं की अख्खा कान निळा. रेषेबाहेर रंग जाणं शक्यच नाही. चार मिनिटांत सगळ्यांचं झालं, स्क्रीनवर चांदण्या उडाल्या, टाळ्यांचा आवाज आला, आणि मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "झालं. आता काय?"

हा "आता काय" माझ्या डोक्यातून जात नाही. कारण त्या वर्गात नवं काहीच झालं नव्हतं. कागदाचा हत्ती जाऊन काचेचा हत्ती आला, साचा बाईंचा होता तो कंपनीचा झाला, इतकंच. आणि या विषयावर जे वाद झडतात त्यात एक पार्टी म्हणते मुलांच्या हातात स्क्रीन देऊच नका, माती द्या, रंग द्या. दुसरी म्हणते जग कुठे चाललंय आणि तुम्ही अजून तेलखडू घासताय. मला दोन्ही ऐकताना वाटतं की अरे, पण त्या चाळीस हत्तींचं काय? ते तर स्क्रीन यायच्या कितीतरी आधीपासून भिंतीवर आहेत. कागद की काच हा प्रश्नच नाहीये मुळात. चित्रात काय असणार, कुठे थांबायचं, कुठे बिघडलेलं तसंच ठेवायचं, हे ठरवतंय कोण? मूल ठरवत असेल तर मला टॅबलेट चालेल, प्रोजेक्टर चालेल, वायरी नि बॅटऱ्यासुद्धा चालतील. आणि मूल ठरवत नसेल तर हाताने मळलेली माती देऊनही उपयोग नाही.

यात एक मजेशीर उलटापालट झालीय ती सांगते. सिमूर पेपर्ट नावाचा गणितज्ञ होता. मुलं विचार कशी करतात याचा अभ्यास करणाऱ्या जीन पियाजेबरोबर जिनिव्हात काही वर्षं काम करून तो अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात आला आणि १९६७ साली त्याने वॉली फ्योरझाइग, सिंथिया सॉलोमन वगैरे मंडळींबरोबर लोगो नावाची मुलांसाठीची प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली. पुढे त्या लोगोला एक कासव मिळालं, म्हणजे जमिनीवर फिरणारा छोटा रोबो, पोटाखाली पेन लावलेला. पुढे जा ५०, उजवीकडे वळ ९०, असं चारदा सांगितलं की खाली अंथरलेल्या कागदावर चौकोन. ९० च्या ऐवजी ८९ सांगून बघा आणि शंभरएक वेळा तेच तेच करत राहा, हळूहळू फिरत जाणारी नक्षी तयार होते. म्हणजे मुलांच्या हातात संगणक द्यायचा विचार ज्यांनी सगळ्यात आधी केला त्यांनी त्याला चित्रं काढायला लावलं होतं, हे आपण विसरूनच गेलोय.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी पेपर्ट एका शाळेत गणिताच्या कामासाठी जायचा, आणि वाटेत चित्रकलेचा वर्ग लागायचा. तिथली मुलं साबणाच्या वड्या कोरून शिल्पं करत होती. तो येताजाता डोकावून बघायला लागला. एकच काम कित्येक आठवडे चाललेलं. मुलांना विचार करायला वेळ होता, नुसतं टक लावून बघत बसायला वेळ होता, काहीतरी सुचलं तर करून बघायला, नाही जमलं तर टाकून द्यायला, शेजारच्याने काय केलंय ते बघून त्याच्याशी बोलायला वेळ होता. आणि प्रत्येकाचं शिल्प वेगळं. गणिताचा तास असा का नसतो, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याच्या पुढच्या कामात हा साबण फार खोलवर मुरलेला आहे, त्याने स्वतःच तसं लिहून ठेवलंय.

आता बघा. संगणकवाला माणूस चित्रकलेच्या वर्गात डोकावून शिकून गेला की शिकणं असं असावं. आणि पन्नासेक वर्षांनी आपण तोच संगणक चित्रकलेच्या वर्गात घेऊन आलो तो कशासाठी, तर त्या तासाला जुन्या गणिताच्या तासासारखं करायला. एक प्रश्न, एक उत्तर, बरोबर आलं की तीन चांदण्या, पुढचा प्रश्न.

तंत्रज्ञान या शब्दाचाही आपण फार बाऊ करतो. फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने जर्मनीत १८३७ साली लहान मुलांसाठी जी शाळा काढली, ज्यातून पुढे किंडरगार्टन हा शब्द आला, तिथे मुलांच्या हातात काय दिलं होतं, लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल, नि लहान लहान ठोकळे. अगदी विचार करून, मापं ठरवून बनवलेली वस्तू होती ती, म्हणजे त्या काळचं शैक्षणिक तंत्रज्ञानच. फ्रँक लॉइड राइट लहानपणी ते ठोकळे खेळला आणि पुढे एवढा मोठा आर्किटेक्ट झाल्यावरही सांगत राहिला की ते ठोकळे बोटांत राहिलेत. आणि एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या ज्या गटाने २००७ मध्ये स्क्रॅच हे मुलांचं प्रोग्रॅमिंग बाहेर आणलं, त्या मिचेल रेझनिकच्या गटाचं नावच लाइफलाँग किंडरगार्टन आहे, म्हणजे जन्मभराची बालवाडी. ठोकळ्यापासून स्क्रॅचपर्यंत रेघ सरळ आहे. दोन्हींची एकच अट, वस्तू अर्धवट पाहिजे. ठोकळा स्वतः काहीच नसतो म्हणून तो घर होतो, गाडी होते, झोपलेलं कुत्रं होतं. रंग भरायच्या ॲपमधला हत्ती आधीच पूर्ण असतो, त्याचं आणखी काय होणार?

पेपर्ट म्हणायचा की असल्या साधनांचा उंबरा बुटका हवा आणि छप्पर उंच हवं, रेझनिकने त्यात भर घातली की भिंतीही रुंद हव्यात. म्हणजे आत शिरायला सोपं, वर चढायला वाव, आणि दहा जणांना दहा दिशांना जाता आलं पाहिजे. माझ्या मते चित्रकलेच्या तासाला तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उंबरा बुटका तर त्या ॲपचाही आहे.

आता प्रत्यक्ष काय करता येतं ते जरा सविस्तर सांगते, कारण वैचारिक बोलून शिक्षकांच्या हाताला काही लागत नाही.

सगळ्यात लाडकं माझं स्टॉप मोशन, म्हणजे एकेक फोटो जोडून वस्तू हलताना दाखवणारा सिनेमा. एक फोन किंवा टॅबलेट, तोही चार-पाच मुलांत एक. पुस्तकांची चळत करून त्यावर फोन आडवा ठेवायचा, चिकटपट्टीने पक्का करायचा, कारण फोन हलला की सगळं जग हलतं. खाली एक रंगीत कागद. त्यावर काहीही, खडूचा तुकडा, कातरलेला कागद, मातीचा गोळा. थोडं सरकव, फोटो काढ, थोडं सरकव, फोटो काढ. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात, असल्या कामात १२ पुरतात, लहान मुलांना तर ८ सुद्धा चालतात. तरी हिशेब करा, १२ ने दहा सेकंदाचा सिनेमा म्हणजे १२० फोटो. जी मुलं एका जागी पाच मिनिटं बसत नाहीत अशी तक्रार असते ती यात दीड-दीड तास गढून गेलेली मी बघितलीयेत, मागे कुणी शिट्टी वाजवली तरी मान वर करत नाहीत.

आणि यात ती काय काय शिकतात बघा, कुणी शिकवलेलं नसताना. चेंडू उडी मारतोय असं दाखवायचं असेल तर पहिल्या प्रयत्नात सगळी मुलं चेंडू सारख्या अंतराने सरकवतात आणि सिनेमा लावला की चेंडू लिफ्टसारखा वर जातो नि खाली येतो. मग वाद होतो. मग कुणीतरी खरा चेंडू आणून टाकून बघतं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की वर गेल्यावर तो जरा रेंगाळतो आणि खाली येताना सुसाट येतो, म्हणजे वरच्या बाजूला जवळजवळ ठेवायचा आणि खाली लांब लांब. हे ज्ञान ॲनिमेशनवाल्यांचं अगदी मूळ ज्ञान आहे आणि ते नऊ वर्षांच्या मुलीने फरशीवर पालथं पडून शोधलेलं असतं. "आधी बेसिक पक्कं होऊ दे, मग हे सगळं" असं म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते की बेसिक म्हणजे नीट बघणं, आणि चेंडूचं चित्र काढताना त्या मुलीने तो चेंडू इतका निरखून कधी बघितला होता?

याच वयाबद्दल एक गोष्ट राहू नये. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले, आधी नुसते रेघोटे, मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसं, मग प्रत्येक गोष्टीचं एक ठरलेलं चिन्ह, आणि साधारण नऊच्या पुढे मुलाला आपलं चित्र खऱ्यासारखं दिसत नाही हे बोचायला लागतं. तिथेच खूप मुलं चित्र सोडतात. कालपर्यंत भिंती रंगवणारं पोर एकदम म्हणतं, मला येत नाही. तुम्हीआम्ही बहुतेक जण तिथेच थांबलो ना? मोठ्या माणसाला माणूस काढायला सांगा, अजून काडीचाच काढतो. तर या नेमक्या वळणावर असलं साधन फार कामाला येतं, कारण खोडरबरला चालवायचं असेल तर खोडरबर हुबेहूब काढता यायची गरज नसते, तो समोरच असतो. मूल "मला येत नाही" च्या बाजूने वळसा घालून पुढे जातं आणि बहुतेकदा थोड्या दिवसांनी पुन्हा पेन्सिलीकडे येतं, पार्श्वभूमी काढायला म्हणून, पात्रांचे चेहरे बदलायला म्हणून. चित्र काढायचं कारण मिळतं त्याला.

दुसरा प्रकार वायरींचा. तांब्याची चिकटपट्टी, नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल, आणि छोटे एलईडी. कागदावर चित्र काढायचं, खाली पट्टीचा रस्ता चिकटवायचा, आणि चित्रातला काजवा खरंच पेटतो. एलईडीचा लांब पाय धन बाजूला हे विसरलं की पेटत नाही, मग शोधाशोध. यात एक फार सुंदर घोटाळा होतो, मुलं एकाच सेलवर शेजारी शेजारी लाल आणि निळा दिवा लावतात आणि निळा पेटतच नाही किंवा मिणमिणतो. निळा खराब आहे म्हणून दुसरा लावतात, तरी तेच. कारण लालला सुमारे दोन व्होल्ट पुरतात, निळ्याला तीनच्या आसपास लागतात, आणि दोघं एकाच रस्त्यावर असले की लालच सगळं ओढून घेतो. एका मुलाने यावर तोडगा म्हणून गोष्टच बदलली, लाल राक्षस जागा असला की निळी परी झोपते. मला हे विजेच्या धड्यापेक्षा आणि चित्रकलेच्या धड्यापेक्षाही वरचं वाटलं. (एक मात्र गंभीरपणे सांगते, ते नाण्यासारखे सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते, यात खेळ नाही.)

मग मेकी मेकी नावाचा एक बोर्ड आहे, जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांनी केलेला, २०१२ मध्ये लोकवर्गणीतून बाहेर आला. तो संगणकाला सांगतो की मी कीबोर्ड आहे. त्याची एक वायर हातात धरायची, दुसरी कशालाही जोडायची ज्यातून थोडीशी तरी वीज जाते, ओलं पान, मऊ माती, दुसऱ्या मुलाचा हात, आणि गडद गिरवलेली पेन्सिलीची रेषसुद्धा, कारण पेन्सिलीत ग्राफाइट असतं. म्हणजे कागदावर पियानो काढा आणि तो वाजवा. रेष फिकट काढली तर वाजत नाही. "रेषा ठळक काढा" हे वाक्य चित्रकलेच्या तासाला हजारदा ऐकलेलं असतं, पण इथे ते बाई सांगत नाहीत, चित्रच सांगतं.

आणि हे सगळं नसेल तर? तर एक टॉर्च आणि एक पांढरी चादर. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरातल्या बालशाळा जगभर नावाजलेल्या आहेत, लोरिस मालागुझ्झी यांनी उभ्या केलेल्या, तिथे प्रत्येक शाळेत कलेची कार्यशाळा असते आणि प्रकाश हेच एक मोठं साधन असतं. खालून उजेड येणारी टेबलं, जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर. प्रोजेक्टरवर पक्ष्याचं एक पीस ठेवलं की भिंतीवर झाड होतं. जुने प्रोजेक्टर शाळांच्या अडगळीत पडलेले असतात, धूळ पुसून एकदा लावून तर बघा. मुलांना नव्या-जुन्याचं काही नसतं, हे सगळं आपल्यालाच.

आता आक्षेप. स्क्रीनचा वेळ हा पहिला आणि तो रास्त आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेली मर्यादा, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, ही पाचच्या आतल्या मुलांसाठी आणि बसून बघण्याच्या वेळाबद्दल आहे. सहा ते दहा वर्षांचं मूल फरशीवर पालथं पडून १२० फोटो काढतंय त्याला तोच नियम लावणं म्हणजे बाळाचं अंगडं चौथीतल्या पोराला घालणं. तरी मी म्हणेन तासातला बराचसा वेळ हात स्क्रीनच्या बाहेर पाहिजेत. सरळ चाचणी आहे माझी, टॅबलेट काढून घेतला तर टेबलावर काही उरतं का? स्टॉप मोशननंतर टेबलभर पात्रं उरतात, कागदाचे समुद्र, मातीचे अर्धे राक्षस. रंग भरायच्या ॲपनंतर टेबल स्वच्छ.

दुसरा आक्षेप पैशाचा. इथे मी उलट बाजूने बोलते, प्रत्येक मुलाला एक यंत्र द्यायला माझा विरोधच आहे. २००५ साली निकोलस नेग्रोपाँटी यांनी दर मुलामागे एक लॅपटॉप ही मोहीम जाहीर केली, पेरू देशाने ती मोठ्या प्रमाणावर घेतली, आणि तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांचा अभ्यास २०१२ मध्ये आला तेव्हा गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक दिसला नव्हता. चित्रकला त्यात मोजलेली नव्हती हे कबूल, पण धडा तोच आहे, यंत्रं आली आणि तास कसा घ्यायचा हे कुणी ठरवलं नाही. शिवाय चार जणांत एक फोन असला की एक जण पात्र सरकवतो, एक फोटो काढतो, एक ओरडतो "हात काढ!", आणि एक भांडतो. ते भांडण मला पाहिजे. प्रत्येकाला एकेक दिलं की वर्गात परीक्षेच्या हॉलसारखी शांतता पसरते आणि बघायला आलेले साहेब खूश होतात.

चित्र बनवून देणाऱ्या एआयबद्दल विचारल्याशिवाय हल्ली कुणी सोडत नाही. २०२२ पासून ही साधनं सर्वसामान्यांच्या हातात आहेत, वाक्य टाका, चित्र घ्या. एका घरगुती कार्यक्रमात तिसरीतल्या एकीने मोठ्या माणसाकडून टाइप करून घेतलं, ढगात राहणारी मांजर. पंधरा सेकंदांत अप्रतिम मांजर आली. तिने बघितली, "छान आहे" म्हणाली आणि निघून गेली. तिच्या स्वतःच्या वहीतली मांजर, जिला पाच पाय होते, ती मात्र तिने मला तीनदा दाखवली, कारण पाचव्या पायाची एक मोठी गोष्ट होती. यंत्राला पाचवा पाय आला तर ती चूक असते, तिचा पाचवा पाय चूक नव्हती. प्राथमिकच्या चित्रकलेच्या तासात तरी हे साधन मला नको, ते वाईट आहे म्हणून नाही, ते फार पूर्ण आहे म्हणून. शेवटचा हातही त्याचाच आणि पहिलाही त्याचाच, मधे मूल कुठे बसवायचं?

आणि बक्षिसं. खेळकर तंत्रज्ञान म्हणजे पॉइंट, बॅज, लेव्हल असा एक गैरसमज पसरलाय, सगळी शैक्षणिक ॲपं चांदण्यांनी भरलेली. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत प्रयोग केला, आणि तो नेमका चित्रं काढण्यावरच होता. ज्या मुलांना मुळातच स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं अशी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का नि रिबीन लावलेलं प्रमाणपत्र मिळेल, काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पेनं ठेवली तर ज्यांना बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. आवडीचं काम होतं, आपण त्याची मजुरी ठरवली, आणि मजुरी थांबल्यावर कामही थांबलं. पन्नास वर्षं झाली या प्रयोगाला आणि आपण अजून टॅबलेटमधून टाळ्या वाजवतोय.

सर्जनशीलतेला मार्क द्यायचे तक्ते येतात त्यांचंही तसंच. नावीन्य ५, नीटनेटकेपणा ५. हे दोन एका तक्त्यात बसवणाऱ्याने नवीन काही करताना टेबलाची काय अवस्था होते ते कधी बघितलेलं नसणार.

पण खरी अडचण ना यंत्राची आहे ना तक्त्याची, ती वेळापत्रकाची आहे. चित्रकलेला आठवड्यातून एक तास, पस्तीस-चाळीस मिनिटं, त्यात दहा मिनिटं सामान काढायला नि दहा आवरायला, आणि परीक्षा जवळ आली की तोही गणिताला दिलेला. एवढ्यात साचाच देता येतो, दुसरं काही होतच नाही. त्या बाईंनी सोंड कापून दिली ती आळसाने नाही, घड्याळ बघून. साबणवाल्या पोरांकडे कित्येक आठवडे होते. म्हणून माझी मागणी एकदम अरसिक आहे, दोन तास सलग द्या, आठवड्यातून एकदाच द्या हवं तर, पण जोडून द्या, आणि अर्धवट काम ठेवायला एक कपाट द्या. टॅबलेटच्या खरेदीत या कपाटाचं नाव कधीच नसतं. आणि शिक्षकांचं प्रशिक्षण म्हणजे स्लाइड दाखवून बटणं समजावणं नव्हे, त्यांनाच दोन दिवस फरशीवर बसवून सिनेमा करायला लावा. ज्या बाईंनी स्वतः चेंडू लिफ्टसारखा वर नेलाय आणि त्यावर हसल्यात, त्या वर्गात मुलाचा चेंडू सरळ करायला जाणार नाहीत, किंवा निदान जाताना हात थोडा अडखळेल.

माझा तरी कुठे अडखळतो दरवेळी. एकदा एका गटाचा उजेड फार वाईट पडत होता, खिडकीतून ढग जात होते नि प्रत्येक फोटो कमीजास्त उजळ, सिनेमा लुकलुकणार हे मला दिसत होतं, तर मी न विचारता पडदा ओढून दिवा लावून दिला. ती मुलं काही बोलली नाहीत. नंतर कळलं की त्यांच्या गोष्टीत वीज चमकत होती आणि ढगांची वाट बघत ती थांबली होती.

त्याच दिवशीच्या दुसऱ्या गटाचा सिनेमा शेवटी सगळ्यांना दाखवला. मातीची एक गोगलगाय, तिला टेबलाच्या कडेपर्यंत जायचंय, वीस-एक सेकंद. आणि त्यात मधेमधे कुणाचा तरी अंगठा येतो, रंगाने माखलेला, नखात माती अडकलेली, कारण फोटो काढणाऱ्याने घाई केली. मुख्याध्यापक चांगले होते, बघायला मुद्दाम थांबले होते, ते म्हणाले सुंदरच झालंय, फक्त तेवढे अंगठ्याचे फोटो काढून टाका, मग पालकांना दाखवू. गटातली चारही मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग त्यातली सगळ्यात बुटकी मुलगी म्हणाली, "सर, तो काढला तर गोगलगायला ढकलणार कोण?"

सर हसले. अंगठा राहिला.